भट्टीबाई आणि आठवी चिप

कारखान्यात तिला सगळे भट्टीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती, पण पाठ वळली की हेच नाव. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

कॉम्प्युटरच्या मेमरीला लागणाऱ्या चिपा तिच्या टेबलावर तपासणीला यायच्या. नियम असा, की चिप आधी थंड असताना तपासायची, मग छोट्या भट्टीत तासभर तापवून पुन्हा तपासायची. काम अंगावर आलं की बाकीच्या बाया दुसरी फेरी गाळायच्या आणि कागदावर बरोबरची खूण करून मोकळ्या व्हायच्या. ही गाळत नसे. ‘थंड असताना सगळेच शहाणे असतात, तापल्यावर कळतं कोण कसं आहे ते,’ असं ती म्हणायची, आणि चिपांपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना तिने हे वाक्य लावून झालेलं होतं. भट्टीतून नीट बाहेर आलेल्या चिपेवर ती नेलपॉलिशचा बारीक लाल ठिपका द्यायची. हा ठिपका कारखान्याचा नव्हे, तिचा स्वतःचा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिने भट्टी एकदाच चुकवली, आणि त्या एका वेळेची किंमत तिच्या मुलाने मोजली.

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. कारखाना बंद पडून जमाना झाला. मुलगा पन्नाशीला आलाय आणि गोदामाच्या वजनकाट्यावर बसतो. ट्रक येतो, काट्यावर उभा राहतो, हा आकडा लिहितो, ट्रक जातो. माणूस शांत आहे, व्यसन नाही, उलट उत्तर नाही. सुनेची कशाबद्दलच तक्रार नसते, आणि म्हाताऱ्या भट्टीबाईला नेमकं तेच खुपतं.

त्या रविवारी नातीने माळ्यावरून एक खोकं खाली काढलं. नात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, दोन विषयांत नापास झाली होती आणि कॉलेज सोडायचं म्हणत होती. खोक्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेला, बापाचा शाळेतला कॉम्प्युटर होता. पाटीएवढं काळं यंत्र, त्यावरच अक्षरांच्या कळा, मागे टीव्हीला जोडायची वायर. सोबत एक कॅसेट; तेव्हा प्रोग्रॅम टेपच्या कॅसेटवर साठवायचे.

‘आजी, याच्यात मेमरी तूच वाढवली होतीस ना? बाबा म्हणाला.’

‘आणखी काय म्हणाला तुझा बाबा?’

‘म्हणाला, मशीन झकास होतं, माझंच डोकं चाललं नाही. मी म्हटलं, मग बरोबर आहे. माझं डोकं तुझ्यावरच गेलंय.’ असं म्हणून ती हसली. पण हसू काही खरं नव्हतं. ‘मी नवीन मेमरी मागवली होती, ती कालच आलीय. आठ चिपांच्या जागी एकच छोटी पट्टी. जुन्या चिपा तेवढ्या तू काढ, माझ्या हातून त्यांचे बारीक पाय मोडतील.’

आजीला ते झाकण उघडायचं नव्हतं. पण हात मात्र आपोआप चष्म्याकडे गेला.

काय झालं होतं ते सांगायला हवं. मुलगा नववीत होता. शाळेच्या वाचनालयातली अकराशे पुस्तकं, कोणतं कोणाकडे आहे, कधी परत यायचं, हे सगळं सांगणारा प्रोग्रॅम त्याने एकट्याने लिहायला घेतला होता. यंत्राच्या मूळच्या मेमरीत दोनशे पुस्तकं मावायची. कंपनीने मेमरी वाढवण्यासाठी आत आठ बैठका रिकाम्या सोडल्या होत्या, त्यात आठ चिपा दाबून बसवल्या की काम झालं. जिल्ह्याची स्पर्धा होती; पहिला येईल त्याला तंत्रशाळेत सरळ प्रवेश. पोरगा काही मागणारा नव्हता. एकदाच म्हणाला, ‘आई, आठ चिपा मिळतील का गं?’

पोराचा बाप तेव्हा परांचीवरून पडून खाटेला खिळलेला. घर हिच्या पगारावर. यंत्र त्याच्या अपघाताआधी हप्त्याने घेतलेलं; आता चिपा विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. पण कारखान्यात छपाई पुसट झालेल्या, पाय किंचित वाकलेल्या चिपा टाकाऊ पेटीत जायच्या. त्या बाहेर नेल्या तर नोकरी जाणार, असं दारावरच लिहिलेलं होतं. आयुष्यभर नाकासमोर चालणाऱ्या या बाईने डब्याच्या झाकणाखाली एकेक करत सात चिपा घरी आणल्या. साती तपासून, तापवून, ठिपका देऊन. चोरीसुद्धा तिने नियमात बसवून केली!

आठवी चिप घेतली त्या दिवशी भोंगा व्हायला दहा मिनिटं होती, भट्टी थंड पडली होती आणि पर्यवेक्षक टेबलांमधून हिंडत होता. दुसऱ्या दिवशी स्पर्धेचे अर्ज बंद होणार होते, आणि अर्जासोबत पूर्ण प्रोग्रॅमची कॅसेट द्यायची होती. थंड तपासणीत चिप अगदी सुतासारखी सरळ निघाली. एवढ्याशाने काय होतंय, असं म्हणून तिने ती डब्यात टाकली. ठिपका मात्र दिला नाही; खोटा ठिपका द्यायला हात धजावला नाही.

घरात टीव्ही एकच. खाटेवरच्या बापाला तेवढाच विरंगुळा, म्हणून पोराला यंत्र रोज अर्धा तासच लावायला मिळायचं. अर्ध्या तासात ते काय तापणार? प्रोग्रॅम रोज बिनचूक चालायचा.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात सगळी यंत्रं सकाळी आठलाच चालू करून ठेवली. परीक्षक याच्या टेबलापाशी आले तेव्हा अकरा वाजत होते. पहिली दहा-वीस पुस्तकं बरोबर आली. मग नावांत भलतीच अक्षरं घुसायला लागली, मग ओळीच्या ओळी बिघडल्या, आणि शेवटी पडद्यावर नुसता कचरा. परीक्षक म्हणाले, ‘दुसऱ्याकडून लिहून घेतलं की असंच होतं, बाळ.’ सगळं सभागृह हसलं. मागच्या बाकावर आई बसली होती. काय झालंय ते तिला त्याच क्षणी समजलं होतं. तिच्या जागी कोणीही उठून सांगितलं असतं, की यंत्र थंड करा आणि पुन्हा लावा. ती उठली नाही. उठली असती तर पुढचा प्रश्न आला असता, चिप कुठली?

घरी आल्यावर पोरगा म्हणाला, ‘आई, एकदा मशीन तपासून बघशील?’

आणि ती म्हणाली, ‘मशीन खोटं बोलत नाही. तुझंच कुठेतरी चुकलं असेल.’

तपासलं असतं तर कळलं असतं. म्हणूनच तिने तपासलं नाही. पुढे मग ते वाक्य तिच्या तोंडात बसलंच. तो बारावीला नापास झाला तेव्हा म्हणाली, काट्यावर नोकरीला लागला तेव्हा म्हणाली. दरवेळी म्हटलं की तिचं तिलाच खरं वाटायचं. स्पर्धेनंतर पाच-सहा दिवसांनी पोराने आपण होऊन यंत्र चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं, आणि हिने सुटकेचा श्वास सोडला. मी काही तिची बाजू घेत नाही. पण खाटेवरचा नवरा आणि एकच पगार ज्याच्या घरी नसेल, त्याने तिला दोन शब्द कमीच सुनवावेत.

तर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिने खिडकीपाशी टेबल ओढून घेतलं. चिपांना झटका बसू नये म्हणून नळाला हात लावून अंगातली वीज घालवली. ही खोड अजून गेलेली नव्हती. नात शेजाऱ्यांकडे जुना टेपरेकॉर्डर आणायला गेली होती. आजीने पाच स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

चिपा ओळीने बसलेल्या होत्या. सातांवर लाल ठिपके, काळपट पडलेले. आठवीवर ठिपका नव्हता. तिथे चौकटीच्या वहीच्या कागदाची एक बारीक पट्टी चिकटवलेली होती. पेन्सिलीचं अक्षर ओळखायला तिला चष्म्याचीही गरज नव्हती.

‘आठवी तापली की चुकते. ठिपका नाही.’ खाली तारीख. स्पर्धेनंतरचा तिसरा दिवस.

ती खुर्चीवर बसून राहिली. पोरगा लहान असताना मांडीवर बसून विचारायचा, आई, हा ठिपका कसला? आणि ती कौतुकाने सांगायची, हा ज्याला असतो ना, तो कधी दगा देत नाही. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. ‘तुझंच चुकलं असेल’ हे त्याने पस्तीस वर्षं माहीत असून ऐकून घेतलं होतं.

जिन्यावर नातीची पावलं वाजली. आजीने पातळ सुरीने आठवी चिप उचकटली आणि पट्टीसकट मुठीत घेतली. बाकीच्या सात बाहेर काढून ठेवल्या.

‘सातच?’ नातीने विचारलं.

‘एक तुटली.’ म्हाताऱ्या माणसाच्या हातून एखादी वस्तू तुटते, त्यावर कोण शंका घेणार? नातीने घेतली नाही.

नातीने नवी मेमरीची पट्टी बैठकांवर बसवली. कॅसेट किरकिरत, चिरकत चालली. दोनदा अर्ध्यातच थांबली, तिसऱ्यांदा लागली. पडद्यावर ‘वाचनालय’ अशी अक्षरं उमटली आणि नात ओरडलीच. ती एकामागून एक पुस्तकाचे नंबर घालत सुटली. नाव बरोबर, घेणाऱ्याचं नाव बरोबर, तारीख बरोबर. अकरा वाजले, बारा वाजले. यंत्राची पाठ चांगली गरम झाली. एक अक्षर हललं नाही.

‘आजी, हे कसलं भारी लिहिलंय! चौदा वर्षांच्या मुलाने? आमच्या वर्गात असं कोणाला सुचणार नाही.’ तिने मागे वळून विचारलं, ‘मग तेव्हा काय बिघडलं?’

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आजीची मूठ झाकलेलीच होती आणि तीत घाम जमला होता. गप्प बसणं किती सोपं होतं. चिपा जुन्या झाल्या, मेल्या, कोण विचारणार?

अडीच वाजता काट्यावरची पाळी संपवून मुलगा घरी आला. दारातच त्याला पडदा दिसला. चप्पल अर्धवट पायात राहिली.

‘बाबा, साडेतीन तास झाले! अकराशेच्या अकराशे बरोबर!’

‘हो का?’ तो म्हणाला. ‘नवीन मेमरी चांगली दिसतेय.’ आणि आईकडे न बघता म्हणाला, ‘तेव्हा माझंच काहीतरी चुकलं असणार.’

हे ऐकलं आणि तिला राहवलं नाही. तिने मूठ टेबलावर नेली आणि उघडली.

‘तुझं काही चुकलं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘ही आठवी चिप मी भट्टीत न घालता आणली होती. चोरून आणली होती. सभागृहातच मला कळलं होतं.’ नातीकडे वळून ती म्हणाली, ‘ऐकलंस? तुझ्या बापाचं डोकं शाबूत होतं. बिघाड माझ्या हातचा होता. मशीन खोटं बोलत नाही असं म्हणून म्हणून मी त्याला खोटा पाडला.’

नातीने चिपेवरची कागदाची पट्टी उचलून वाचली. दोनदा वाचली. ‘बाबा, तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?’

‘बोलून काय झालं असतं?’ तो खुर्चीवर बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ‘चिपा कुठून आल्या, हे पहिलं विचारलं असतं. हिची नोकरी गेली असती. आजोबांचं औषध कोण आणणार होतं?’

‘अरे, पण मला,’ आई म्हणाली. ‘जगाला नाही, मला तरी सांगायचंस. घरात, दार लावून. एकदा तरी म्हणायचंस, आई, मला माहीत आहे.’

‘मला वाटलं, तूच सांगशील.’ त्याने कॅसेटचं रिकामं खोकं हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत ठेवलं. ‘म्हणून तर पट्टी लावून ठेवली होती. तुला वाईट वाटेल, तू कधीतरी झाकण उघडून बघशील, मग येशील माझ्याकडे. तीनेक वर्षं वाट बघितली मी. तू माळ्याकडे बघायचीसुद्धा नाहीस. मग काट्यावर जागा निघाली.’

तिने त्याचा हात धरला. त्याने धरू दिला. तिला रडू येत होतं आणि रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटत होतं, म्हणून ती नुसती हात धरून बसली.

पडद्यावर प्रोग्रॅम पुढच्या पुस्तकाचा नंबर विचारत होता. मुलाने दुसऱ्या हाताने यंत्राच्या पाठीवर, उजव्या कोपऱ्यावर, जिथे आठवी चिप असायची तिथे तळवा ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

‘बरंच तापलंय,’ तो म्हणाला, आणि त्याने वायर काढली.