लाल गाडी, नवा क्लच आणि काकांची होडी

माझ्या लाल गाडीत नवा क्लच जितके दिवस टिकला, त्यापेक्षा जास्त दिवस तो बसवायला लागले होते. यात क्लचची काहीही चूक नव्हती.

गाडी दोन दारांची, टर्बो इंजिनाची, पोट जमिनीला टेकेल इतकी बसकी. २०१६ साली वापीच्या एका शेठकडून मी ती जुनी घेतली, तेव्हा डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत पहिला प्रश्न आला, "हिच्यात मासळीच्या टोपल्या किती मावतात?" एकही मावत नव्हती. त्यात शेठने ती इतकी पळवली होती की क्लचप्लेट झिजून कागद झाली होती. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज विमानाचा आणि चाल बैलगाडीची!

माझी धाकटी बहीण वैशाली मात्र गाडीवर खूश होती. तिचं लग्न ठरलं, सासर तलासरीचं. ती म्हणाली, "दादा, मला भांडी नको, कपाट नको. पाठवणी तेवढी तुझ्या गाडीतून कर."

का, ते मला ठाऊक होतं. लहानपणी ती आईबरोबर मासळीच्या टेम्पोतून शाळेला जायची आणि वर्गातल्या पोरी तिच्या बाकापासून सरकून बसायच्या. माहेर सोडताना तरी अंगाला तो वास नको, एवढंच तिचं मागणं होतं. मी शब्द दिला.

वाणगावच्या गॅरेजात जिग्नेशभाईंनी गिअरबॉक्स खाली उतरवला. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवं मागवलं. एक एक्सल वळणावर कडकड वाजायचा, तोही बदलला. किल्ली हातात देताना ते म्हणाले, "जो, बघ भाई, नवा क्लच आहे. थोडे दिवस प्यार से चलाव. जोर बिलकूल नाही द्यायचा." मी मान हलवली. (मान हलवणं मला कधीच जड गेलेलं नाही.)

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी काका वैतागून मांडवात आले. पावसाळ्याआधी होड्या वाळूवर वर ओढून ठेवतात. दोराला सगळी वाडी लागते आणि मग सगळ्या वाडीला जेवण. पण वाडी आमच्याच मांडवाला जुंपलेली, आणि काकांची होडी अजून खालीच.

"उधाणाची भरती आहे आज. माणसं कुठून आणू?"

"माणसं कशाला, काका? दीडशे घोड्यांची ताकद आहे हिच्यात."

"घोडे वाळूत चालतात का रे?"

हा प्रश्न मी तेव्हा नीट ऐकायला हवा होता.

गाडी किनाऱ्यावर नेली, मागच्या हुकाला होडीचा दोर बांधला. चार लोक बघायला जमले म्हटल्यावर मला आणखीच चेव आला. पहिला गिअर, अर्धा क्लच, इंजिनाची गर्जना. होडी वीतभर हलली. टाळ्या पडल्या! (त्या टाळ्यांनीच घात केला.) मी आणखी जोर दिला. पुढची चाकं वाळूत रुतली, म्हणून कोणीतरी खाली जुनी जाळी टाकली. ती नव्या एक्सलला गुंडाळली आणि तो कडाडून मोडला.

"कुणाची सुकट करपली?" काकांनी नाक वर करून विचारलं.

सुकट नव्हती, माझी क्लचप्लेट होती.

तोवर पाणी चाकांना लागलं. मी दोर सोडायला गेलो, तर भिजून गाठ आवळलेली. भरतीने होडी अलगद उचलली आणि आता होडीच गाडीला हिसके देऊ लागली. शेवटी मांडव अर्धा सोडून वाडी धावत आली. दोर कापला, होडी आरामात वर आली आणि मग सगळ्यांनी मिळून गाडी ओढली. जेवण अर्थातच मी घातलं.

मी जिग्नेशभाईंना फोन लावला. "गाडीत जरा पाणी गेलं."

"कसलं पाणी?"

"समुद्राचं."

ते म्हणाले, "लग्नाला मी येतो. पण गाडीची आशा सोड."

लग्नसराईत डहाणूत एक रिकामी जीप मिळेना. वऱ्हाडाच्या बसमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. हळद लागलेल्या वैशालीसमोर मी उभा राहिलो. तिने माझ्या भिजलेल्या पँटकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "टेम्पो नीट धुवून घे, दादा."

मी टेम्पो साबणाने धुतला, लिंबाने घासला, वर गुलाबपाणी शिंपडलं. त्यामुळे आधी नुसता बोंबलाचा वास होता, तो आता गुलाबातल्या बोंबलाचा झाला. झेंडूच्या माळा लावल्या, तरी तो मासळीचाच टेम्पो दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शालू सावरत ती नवऱ्याशेजारी टेम्पोत चढली, "येते, दादा" म्हणाली, आणि मला हुंदकाच फुटला. एवढ्याशा पोरीने एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी वाळूत घातली. मी तिच्यासाठी रडत होतो, अगदी मनापासून. पण वाडीत एकालाही ते पटलं नाही.

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पुरे आता. क्लच काय, दुसरा मिळेल."

टेम्पोच्या खिडकीतून वैशाली डोळे पुसत म्हणाली, "आणि काका, एक्सलबद्दलही त्याचं सांत्वन करा."