दुसरा भाग कुणी चोरेना

सभासद मंडळी, आज वाचनालयाच्या फळ्यावर बातम्यांऐवजी तुमच्या ग्रंथपालाचं गाऱ्हाणं वाचा.

त्या विनोदी चोराच्या कादंबरीचा दुसरा भाग सकाळच्या सर्व्हिस मोटारीने तळोद्यात आला. दुपारी मी तो सगळ्यांना वाचून दाखवायला बसलो. पहिल्या भागात हा चोर घर फोडून पळतो आणि विसरलेला जोडा मागायला त्याच घराची कडी वाजवतो, तेव्हा आपण पोट धरून हसलो होतो. आता तो शहाणा झालाय. पानोपानी उपदेश करतो.

चार प्रकरणं झाली तरी कुणी हसेना. शेवटी कापडदुकानवाले शेठ उठले. म्हणाले, "भाऊ, हाऊ आते चोर नही ऱ्हायना, मास्तर व्हयी गया!" सगळे हसले ते तेवढ्यालाच.

पहिला भाग आठवडाभरात कपाटातून चोरीला गेला होता, आठवतं ना? म्हणून हा दुसरा मी मुद्दाम दारातल्या बाकावर ठेवला आणि चहाला घरी जाऊन आलो. पुस्तक जागचं हललं नव्हतं.

पहिला भाग नेणाऱ्या सभासदा, तुझी पारख लेखकापेक्षा चांगली आहे. नाव विचारणार नाही, तेवढा तो परत आणून दे. आणि जाताना हा नेशील का?