जलालभाऊचा कान आणि डाव्या चाकाचा ब्रेक

वडशात शिलाई मशीन बिघडली की लोक ती जलालुद्दीनच्या दुकानात घेऊन जात. गेली अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं. जलालुद्दीन मशीन लगेच उघडत नसे. आधी मशीन आणणाऱ्या बाईला चाक फिरवायला सांगे, डोळे मिटून ऐके आणि म्हणे, "शटल घासते," किंवा, "आत दोरा अडकला आहे." मग उघडे, आणि आत तसंच निघे. त्यामुळे गावात त्याच्या कानाला मान होता. जलालुद्दीनच्या मते तो थोडा कमीच होता.

साठीला पोचल्यावर त्याने एक जुनी पांढरी गाडी घेतली. मुलगी कहकशाँ मुलचेऱ्याला शाळेत शिकवायची, तिच्याकडे जायला बसमध्ये बायकोचे, खातूनचे, गुडघे धरत. गाडी चार महिने नीट चालली. मग एका सकाळी शेजारचे देवाजी, ज्यांची धानाची गिरणी होती, कुंपणापाशी येऊन म्हणाले, "जलालभाऊ, तुमची गाडी लय बोंबलते."

"कोनती गाडी?"

"तुमचीच. ब्रेक मारला का किंचाळते. माह्या गिरणीत आवाज येते, पट्टा चालू असताना."

जलालुद्दीनने त्याच दुपारी चारही काचा खाली करून गाडी गल्लीतून तीनदा फिरवली आणि तीनदा ब्रेक मारला. काही ऐकू आलं नाही. गिरणीच्या आवाजाने देवाजींचे कान गेले, असा निष्कर्ष त्याने काढला, आणि शेजारधर्म म्हणून तो त्यांना सांगितला नाही.

पण आठवड्याभरात चहावाला तेच म्हणाला, मशिदीतले दोघे म्हणाले. चौकात त्याने गाडी थांबवली तेव्हा बसलेल्या शेळ्या उठून पलीकडे गेल्या. जलालुद्दीनने शेळ्यांकडेही संशयाने पाहिलं.

घरात नवराबायको हिंदी बोलत. वाद असला की मात्र दोघंही मराठीवर येत, कारण निकाल देवाजींनाही कळावा लागे. खातून मराठीत म्हणाली, "तुमाले आयकू येत नाई."

"मले? मले आयकू येत नाई?"

"गाडी ओरडते तवा मी कानावर हात ठेवतो. तुमी म्हनता, काऊन, डोकं दुखते का?"

तो हसला. दुसऱ्या दिवशी तो अंगणात चहा पीत बसला असताना खातून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिच्या हातात नातवाचं घड्याळ होतं, त्याचा गजर तिने सुरू केला. टीं टीं टीं. देवाजींनी कुंपणापलीकडून मान वर केली. जलालुद्दीनने बशीत चहा ओतला. गजर वाजत राहिला, तो फुंकर घालत राहिला. मग खातूनने घड्याळ त्याच्या पुढे धरलं. काचेवर आकडे लुकलुकत होते. त्याने ते कानाला लावलं, दुसऱ्या कानाला लावलं, परत दिलं.

उरलेला चहा त्याने प्यायला नाही. म्हणाला, "जाड आवाज येते मले. बारीक येत नाई वाटते."

खातून बशी उचलून घेऊन गेली.

गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायची नाही, हे मात्र त्याने ठरवलं होतं. रविवारी त्याने गाडी शाळेच्या मैदानात नेली. तो हळू चालवणार, ब्रेक मारणार, आणि खातून बाजूने चालत कोणतं चाक ओरडतं ते सांगणार. ती आधी उजवीकडून चालली, मग डावीकडून, साडीचा पदर कंबरेला खोचून. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत राहिली.

"डावं," ती म्हणाली. "पुढचं."

"पक्कं?"

"पक्कं."

घरी आल्यावर त्याने हॅन्डब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, खाली लाकडाचा ठोकळा सरकवला, आणि उजवं चाक खोललं. खातून बघत होती. उजवीकडचे ब्रेक पॅड चांगले जाड होते.

"मी डावं म्हनलं होतं," ती म्हणाली.

"पाहून घेतलं," तो म्हणाला.

मग डावं खोललं. एक पॅड ठीक होता, दुसरा झिजून पत्र्याला आला होता. पॅड संपत आला की गाडीने ओरडावं, म्हणून त्याला पत्र्याची बारीक जीभ बसवलेली असते. ती लोखंडी चकतीवर घासत होती. ब्रेकचा जबडा ज्या पिनेवर सरकतो ती गंजून जाम झाली होती, म्हणून एकच बाजू दाबली जात होती. हे मात्र जलालुद्दीनला बोटांनीच कळलं. अडकलेली पिन त्याने आयुष्यभर सोडवली होती. त्याने ती काढली, घासली, पॅडच्या दुकानदाराने दिलेलं ब्रेकचं ग्रीस लावलं, बोटाने सरकवून पाहिली. चकतीवर खोल चरे पडले नव्हते. दोन्ही चाकांना नवे पॅड बसवले. एकाच बाजूला बदलले तर गाडी एकीकडे ओढते.

खातून मोबाईलवर एका मिस्त्रीचा व्हिडिओ लावून बसली होती. "तो म्हनते, गाडी चालू करायच्या आधी पायडल दाबा. चार-पाच वेळा."

"मले माहीत आहे," तो म्हणाला, आणि न दाबता गाडी मागे घेतली. ब्रेकवर पाय ठेवला तर तो थेट तळाला गेला. गाडी शांतपणे, अजिबात आवाज न करता, देवाजींच्या धानाच्या तणसाच्या ढिगात शिरली. जलालुद्दीनने हॅन्डब्रेक ओढला आणि समोर बघत बसून राहिला.

"गाय खाते ते," देवाजी म्हणाले. "हळू काढा."

मग त्याने पायडल दाबलं. पाचव्यांदा नवे पॅड चकतीला टेकले आणि ते कडक झालं. संध्याकाळी पुन्हा मैदान, पुन्हा खातून बाजूने. त्याने ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"आता?"

"आता नाई."

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं होतं. म्हणाला, "अजून एकदा चाल." ती अजून एकदा चालली.

पुढच्या महिन्यात ब्रह्मपुरीच्या डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं. जलालुद्दीन ते नमाजेला आणि मुलचेऱ्याला जाताना घालतो. दुकानात घालत नाही, त्यात रस्त्यावरचा सगळा आवाज येतो म्हणतो. दुकानात सकाळी खातून बसते. मागच्या मंगळवारी सोनीबाई ब्लाऊज शिवायची मशीन घेऊन आली आणि सवयीने म्हणाली, "जलालभाऊ, आयकता का?"

त्याने मशीनवर पंजा ठेवला. "चालव," म्हणाला. पंजाला हादरा जाणवला तसा म्हणाला, "खाली काही ढिलं आहे. बारीक आवाजाचं खातूनले विचार."

खातूनने डोळे मिटले नाहीत. भाजी निवडता निवडताच म्हणाली, "सुईजवळ चिरकते. तेल कोरडं झालं." त्याने तेलाची कुपी उचलली.