धुवांधारचं पाणी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. काशीला निघताना अकोल्यातल्या आमच्या भाजीवाल्या माळ्यानं आजारी आईसाठी गंगाजल आणायला आपला गडू दिला होता. तो भरायचा मी विसरलो. परतताना जबलपूरचा धुवांधार पाहायला थांबलो, तेव्हा आठवलं. धबधब्याचे तुषार तोंडावर थुंकीसारखे येत होते. कुजक्या फुलांच्या चिखलात बसून मी नर्मदेचं पाणी भरलं आणि बाजारात गडूचं तोंड कथलानं डाखून बंद करून घेतलं. नर्मदाही पवित्रच, असं मनाला बजावलं. माळ्यानं मरत्या आईच्या तोंडात तेच घातलं.

"महाराज, तुमच्यानं मायले गंगा भेटली," म्हणत तो पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत. त्या पायांची मला अजून किळस येते. त्याला खरं सांगणं अजून बाकी आहे.