रापणीवर वाचलेले पहिले वाक्य

राजकीय लेखाचे पहिले वाक्य लोकांच्या तोंडी बसते आणि उरलेला लेख मागे राहतो. याचे कारण लेखनशैलीत असते, असे मी पुढे अनेक वर्षे वर्गात सांगितले. आमच्या किनाऱ्यावर मात्र ते कारण बांगडे हे होते.

मालवणजवळच्या एका गावात मी तेव्हा नवा शिक्षक होतो. मराठी राज्याच्या मागणीचे ते दिवस. कुडाळहून येणाऱ्या मोटारीतून एक पत्रक आले. सकाळी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामाईक जाळ्याचे, भागीदार माशांची वाट पाहत वाळूत बसत. त्यांना पत्रक वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. आरंभ असा होता : 'आम्ही मागत नाही, आमचे आहे ते विचारतो.' एवढे वाचून होते न होते तोच टेहळणीवरचा माणूस ओरडे, "इले रे इले!" आणि माझे श्रोते दोरीकडे धावत. दुसऱ्या दिवशी मी शिस्तीने पुन्हा आरंभापासून वाचू लागे. मासेही शिस्तीने येत.

परिणामी ते वाक्य सर्वतोमुखी झाले. रापणीचा म्होरक्या तर घरी पेजसुद्धा त्याच ऐटीत विचारी.

त्याच हंगामात एका भागीदाराचे निधन झाले. रापणीत प्रत्येक घर आपल्या जाळ्याचा तुकडा जोडते आणि त्यावर वाटा घेते. या घरातून ओढायला कोणी येईना, म्हणून वाटा थांबला. लहान मुलांना घेऊन मागे राहिलेल्या त्याच्या बायकोची चूल त्याच वाट्यावर पेटत असे. एके सकाळी ती पाटी घेऊन वाटपाच्या जागी उभी राहिली.

म्होरक्या म्हणाला, "दोरयेक तुज्या घरचो हात खंय आसा गो?"

"हात गेलो, काकांनू. जाळ्याचो तुकडो अजून तुमच्याच रापणीत आसा. तो मासे धरता मां?" मग तिने पदर खोचून, एकेक शब्द सुटा करीत म्हटले, "आम्ही मागत नाही. आमचे आहे ते विचारतो."

वाळूत हशा पिकला. म्होरक्या माझ्याकडे वळला.

"मास्तरांनू, ह्यां तुमी शिकवलात!"

"मी केवळ वाचले."

"थंयच चुकलात."

तरीही त्याने इतरांच्या ढिगांशेजारी तिचा ढीग घातला. तिने वाकून पाहिले. "ह्यात बारकेच जास्ती दिसतत."

त्याने वर मोठे बांगडे टाकले. पाटी भरताच ती तडक बाजाराच्या वाटेला लागली. ऊन चढू लागले होते.