तीर्थाबरोबरची गोळी

आज पूजा आटोपून तळहातावर तीर्थ घेतले आणि तुळस-कापराच्या त्या संमिश्र गंधाने मला कितीतरी वर्षे मागे नेले.

माझी नात वैदेही तेव्हा नववीत होती. आतड्यांच्या चिवट दुखण्याने ती वारंवार पोट धरून बसे. तिच्या गोळ्या चुकू लागल्या, तेव्हा मी रोज तीर्थ देतानाच तिच्या हातावर गोळीही ठेवू लागलो. देवासमोर ती नाही म्हणणार नाही, अशी माझी श्रद्धा होती.

एके दिवशी तिने तीर्थ प्राशन केले. गोळी मात्र मुठीतच राहिली.

“गिळ, बाळ.”

“हिच्यामुळे तोंड सुजतं, आजोबा. वर्गातल्या गुजराती मुली मला ‘फूलेली पूरी’ म्हणतात.” मग हळूच म्हणाली, “पूर्वी तीर्थ देताना तुम्ही शाळेतलं काहीबाही विचारायचात. आता नुसते माझ्या घशाकडे बघता.”

“आधी गोळी,” मी म्हणालो.

तिने ती गिळली. पुढे तिने गोळी कधी चुकवली नाही, आणि शाळेतले कधी काही सांगितलेही नाही. मी त्यालाच यश समजत होतो.

आता हृदयाच्या गोळ्या मला आहेत. आज वैदेही वासण्यातल्या तिच्या घरून आली, ती माझी गोळी मुठीत घेऊनच देवघरात बसली. म्हणाली, “आजोबा, आज काय वाचलंत?”

माझे सांगून होईपर्यंत तिने मूठ उघडली नाही.