दुलीचंदच्या बांधीतली तार

मंगलीच्या ओठांवर येशूचं नाव असे आणि पोटात दुलीचंदचं वैर. चोरखमारा तलावाच्या कालव्याखाली दुलीचंदच्या धानाच्या बांध्या. रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्यानं धुऱ्यावर, शेताच्या कडेनं, उघडी तार ओढून तिच्यात चोरून वीज सोडली, आणि हरवलेलं वासरू शोधायला गेलेला मंगलीचा नवरा झामसिंग त्या तारेला चिकटून मेला. दुलीचंदनं प्रेत जंगलाच्या कडेला टाकलं, वर "साप चावला" म्हणून बोंबही त्यानंच मारली. खरं साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण रोवणीची मजुरी दुलीचंदच देणार. गावाच्या तोंडाला कुलूप.

पास्टर म्हणत, "मंगलीबाई, देवाच्या इच्छेवर सोडा." सांगायला काय जातं! मंगली रोज प्रार्थना म्हणे, पण 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' आलं की ओठ मिटून घेई. देवाची इच्छा दुलीचंदला माफ करायची निघाली तर? तिला तो मेलेला हवा होता, तोही तस्साच, तारेला चिकटून.

यंदा धान निसवलं, लोंब्यांवर पुन्हा डुकरं येऊ लागली. एका संध्याकाळी सरपणाची मोळी घेऊन येताना तिला दुलीचंद दिसला. चिखलात पाठमोरा उभा राहून दोन्ही हातांनी नवी तार खुंट्यांना बांधत होता. तारेचं दुसरं टोक आकड्यासारखं वाकवून, बांबूला बांधून विजेच्या लाइनीखाली ठेवलेलं. बांबू उचलून आकडा वर अडकवला की झालं. गाव म्हणेल, स्वतःच्याच तारेनं मेला.

मोळी टाकून तिनं बांबू उचलला. नवरा गेल्यापासून इतकं गोड तिला काहीच लागलं नव्हतं. "प्रभू, ही तुझीच इच्छा ना?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं, ही सोळा आणे तिची स्वतःची होती. मग राग आला तो देवाचा. दातओठ खात ती म्हणाली, "घे मग! होऊ दे तुह्या मनासारखं!"

आवाजानं दुलीचंद वळला. बांबू पाहून त्याच्या हातातली तार गळाली. "मंगले, काय करून राहिली तू?"

तिनं बांबू खाली आपटला. "देवानं हात धरला माहा, म्हणून वाचला तू. माफ नाही करत मी तुले. माह्या हातून मेला असता तं एका झटक्यात सुटला असता. आता त्याच्या हाती देऊन राहिली तुले."

दुलीचंदनं चिखलातच हात जोडले. "पोलिसात जातो, सारं सांगतो. पण असी नोको बोलू, बाई."

"मले काऊन सांगतं? त्याले सांग."

मोळी डोक्यावर घेऊन ती निघाली. जाता जाता एकदा वळून तिनं त्याला थरथरताना डोळे भरून पाहिलं. तेवढं सुख तिनं देवाला दिलं नाही.